हिराबाईंचे दोन पाय आणि माझा एक

माझ्या उजव्या पायाला अजून कुणी सांगितलेलंच नाही की शमीम आता निवृत्त झाली म्हणून. एसटीत बसले आणि ड्रायव्हरने वळण जरा जोरात घेतलं की हा पाय पुढच्या सीटच्या दांड्यावर जाऊन आदळतो. भाच्याच्या लग्नात सजवलेल्या गाडीत नवरीच्या शेजारी बसले होते, तिथं मी तिच्या शराऱ्यावर असा काही पाय दाबला की पोरगी किंचाळली. घरी टीव्हीवर कुणी गाडी पळवायला लागलं तरी सोफ्यापुढची चटई सरकते. आमचे मिस्टर म्हणतात, "अगं, तो हिरो आहे, त्याला काही होत नसतं. तू चहा पी."

कामशेतला मी बायकांचा ड्रायव्हिंग क्लास चालवत होते. आता भाची चालवते. दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, अगदी सुरुवातीपासून लिहा. सुरुवातीपासून लिहायचं तर वडिलांच्या गॅरेजपासून लिहावं लागेल, आणि तिथं मी एकदा शिरले की तुमचा अंक संपेल पण मी बाहेर यायची नाही. त्यापेक्षा पायाचंच सांगते, कारण आमचा धंदा म्हणजे सगळा पायाचा खेळ.

ज्यांनी क्लास लावला नसेल त्यांच्यासाठी सांगते. क्लासच्या गाडीत डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशीसुद्धा एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. स्टिअरिंग मात्र एकच, तेही शिकणारीच्या हातात. म्हणजे माझ्या हातात काहीच नाही, जे काय आहे ते पायात. समोर म्हैस आली आणि शेजारच्या बाईने डोळे मिटून घेतले तर मी ब्रेक दाबायचा. यात काय मोठंसं, असं लोकांना वाटतं. अहो, दाबणं सोपं आहे! न दाबणं अवघड आहे. नवीन मास्तर घाबरून आधीच ब्रेक मारतात, मग शिकणारीला कळतच नाही की आपण किती चुकलो होतो. चूक तिच्या हातापायांपर्यंत पोचायला हवी आणि हाडांपर्यंत पोचता कामा नये. या दोन्हींच्या मध्ये जी चिमूटभर जागा आहे तिथं बसून मी आयुष्यभर भाकरी कमावली.

गिऱ्हाइकं एकेक अशी यायची की विचारू नका. लोणावळ्याच्या एक हॉटेलवाल्या बाई होत्या, त्यांना उजवीकडे वळायची भीती. समोरून येणाऱ्या गाड्या ओलांडाव्या लागतात ना! त्या फक्त डावीकडे वळायच्या. बाजारात जायचं तर आख्ख्या लोणावळ्याला वेढा घालून डावं, डावं, डावं करत पोचायच्या आणि वर मला सांगायच्या, "बघा, पोचले की नाही?" एका विद्यार्थिनीच्या वशिल्यानं तिचा नवराही आला होता. तो आमच्या इथल्या डोंगरावरून कापडी छत्री लावून लोकांना आकाशात उडवायचा. वाऱ्यावर तरंगणारा माणूस, पण गाडीत बसला की घामाघूम. वळण आलं की स्टिअरिंग फिरवायच्या आधी हा सगळाच्या सगळा माझ्या अंगावर कलायचा, कारण वर आकाशात कललं की छत्री वळते. मी त्याला म्हटलं, "भाऊ, ही गाडी आहे, ती तुमच्या कलण्याला भीक घालत नाही." तोंडाने "हो हो ताई" म्हणायचा आणि पुढच्या वळणाला परत माझ्या खांद्यावर.

तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला होता. त्या कलण्याचा अर्थ मला कळला तो हिराबाईंमुळे.

हिराबाई आंदर मावळातल्या एका वाडीतल्या. पंचेचाळिशीच्या पुढच्या, उंच, काटक, आवाज असा की डोंगराच्या पल्याडची गाय ऐकेल. वाडीतल्या बायकांच्या बचत गटाने दूध न्यायला एक पिकअप गाडी मिळवली होती. ती चालवणारा माणूस चाकणला कारखान्यात लागला आणि निघून गेला. तेव्हापासून पिकअप अंगणात उभी, तिच्या हौद्यात कोंबड्या अंडी घालायला लागलेल्या. एसटी कधी येते कधी नाही, आली तरी दुधाच्या वेळेला येत नाही. किटल्या डोक्यावर घेऊन टाकव्याच्या डेअरीपर्यंत चालायचं म्हणजे निम्मं दूध वाटेत नासायचं. गाडी देणाऱ्यांनी निरोप धाडला होता, गणपतीपर्यंत ती रस्त्यावर दिसली नाही तर आम्ही परत घेऊन जाणार. आणि गाडी गेली की म्हशी विकायच्या, असं घराघरांत ठरलेलं. मग बायकांची बैठक बसली आणि सगळ्यांची बोटं हिराबाईंकडे वळली.

"का? तुम्हालाच का?" मी विचारलं.

"म्या बैलगाडी हाकते ना," त्या म्हणाल्या. "बाला पोरगा न्हवता. मी एवढीशी हुते तवापास्नं कासरा माज्या हातात. समद्या म्हनल्या, हिरा, तुला हाकायचं म्हाईत हाय, तूच शिक."

मला हे पटलं. बैल हाकणारी बाई रस्त्याला घाबरत नाही, अंतराचा अंदाज पक्का असतो. मी मनात म्हटलं, ही आपली सगळ्यात सोपी विद्यार्थिनी. कसली सोपी!

आमच्या क्लासमध्ये दोघी-दोघींची जोडी असते. एक चालवते, दुसरी मागे बसून बघते, मग अदलाबदल. हिराबाईंची जोडीदार होती सायली. तिशीची, इंजिनीअर, घोरावाडी स्टेशनजवळ राहायची आणि शिकवणारी बाईच हवी म्हणून लोकलने कामशेतला यायची. एका कंपनीत यंत्राच्या हाताला वस्तू उचलायला शिकवायचं तिचं काम. हो, शिकवायचं. म्हणजे धंद्याने ती माझीच जातभाई निघाली, फक्त तिच्या विद्यार्थ्याला डोकं कॉम्प्युटरचं.

सायलीचा घोळ वेगळा. ती ओठ हलवत गाडी चालवायची. "क्लच दाबला, गियर टाकला, क्लच हळूहळू, ॲक्सिलरेटर थोडा..." आणि तिचं वाक्य संपेपर्यंत गाडी झटका खाऊन बंद. हाफ क्लच म्हणजे क्लच असा अर्धवट सोडायचा की इंजिन आणि चाकं एकमेकांना नुसती शिवतात. ते तळव्याला कळतं, वाक्यात सांगता येत नाही. मी तिला म्हणायचे, "पोरी, भाकरी थापताना तू काय पहिलं बोट, दुसरं बोट असं म्हणतेस का?" ती म्हणायची, "मला भाकरी येत नाही ताई." घ्या आता!

शेवटी मी एक युक्ती केली. कार्ल्याच्या लेण्यांच्या खालच्या बाजूला शेतांच्या कडेने जाणारा एक सरळ, रिकामा रस्ता आहे, तिथं आम्ही सराव करायचो. तिला म्हटलं, "आज तोंडाने गियर म्हणायचं नाही. तुझं ते यंत्र कसं शिकतं ते आम्हा दोघींना सांग. नीट सांग, मला कळलं पाहिजे."

ती सांगायला लागली. मागून हिराबाई विचारत होत्या.

"त्यो हात लोखंडाचा हाय का?"

"हो मावशी. पाच बोटं आहेत. वर कॅमेरा आहे, त्यातून त्याला ग्लास दिसतो."

"आन् डोस्कं कुटं हाय त्याचं?"

"कॉम्प्युटरमध्ये. आकड्यांचं एक जाळं असतं, लाखो गाठींचं. एका बाजूने ग्लासचं चित्र आत जातं, दुसऱ्या बाजूने निघतं, कुठलं बोट किती वाकवायचं. पहिल्यांदा काहीच्या काही निघतं. ग्लास पडतो. मग किती चुकलं ते मोजायचं आणि प्रत्येक गाठ इतकुशी पिळायची, चूक कमी होईल त्या बाजूला. मग पुन्हा ग्लास. पुन्हा पडतो. पुन्हा पिळायचं."

"कोन पिळतंय?"

"कॉम्प्युटरच पिळतो. मी नुसती चूक काय म्हणायची ते ठरवते."

"आन् आपल्या डोस्क्यात?"

"आपल्या मेंदूतही पेशी एकमेकींना जोडलेल्या असतात, सरावाने काही जोड घट्ट होतात, काही सैल पडतात. मागच्या बाजूला लहान मेंदू असतो, तो आधीच अंदाज बांधतो की आता हात इथं पोचेल. नाही पोचला तर पुढच्या वेळी सुधारतो. पण मेंदू नेमका कसा पिळतो ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही. आम्ही त्याची नक्कल करतो, तीही ढोबळ..."

आणि हे बोलता बोलता बाईसाहेबांनी दुसरा गियर टाकला, तिसरा टाकला, समोरच्या सायकलवाल्याला बाजू दिली आणि वळण घेतलं. लोण्यासारखी गाडी चालली होती. मी चकार शब्द काढला नाही. मागून हिराबाईच ओरडल्या, "अगं बया, पळाया लागली की गं तुजी गाडी!" त्याबरोबर सायलीला आपण गाडी चालवतोय हे आठवलं, तिने पायांकडे बघितलं आणि गाडी बंद पडली. आम्ही तिघी इतक्या हसलो की सायकलवाला थांबून बघायला लागला.

सायलीचं असं सुटलं. हिराबाईंचं मात्र दिवसेंदिवस अवघड होत चाललं होतं.

स्टिअरिंग त्यांना पहिल्याच दिवशी जमलं. उजवा कासरा ओढला की बैल उजवीकडे, उजवा हात खाली ओढला की गाडी उजवीकडे. गियरही जमले. पण समोर अचानक काही आलं, कुत्रं म्हणा, पोर म्हणा, की त्यांच्या तोंडून मोठ्यानं "हो... हो... हो..." निघायचं, कंबरेतून त्या मागे रेलायच्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीशी ओढायच्या आणि गाडी थांबायच्या ऐवजी उडी मारायची! ब्रेक माझा होता म्हणून बरं. अशी बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती. मी दर वेळी बजावायचे, "हिराबाई, बैल विसरा. ही गाडी आहे." त्या मान डोलवायच्या आणि पुढच्या कुत्र्याला परत "हो... हो...".

एक दिवस त्या सरळ चावी माझ्या हातात ठेवून रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसल्या. "न्हाई ताई. माजं डोस्कं मठ्ठ हाय. दीर बी म्हनला, गाडी दिऊन टाका, बायकांचं काम न्हाई. म्या जाते आन् सांगते समद्यांस्नी, म्हशीला गिऱ्हाईक बघा म्हनून."

सायलीने शेजारी बसून मोबाइल काढला आणि त्या लोखंडी हाताचा व्हिडिओ लावला. हात पुढे येतो, ग्लास पडतो. येतो, ग्लास टेबलावरून उडतो. येतो, ग्लास सोडून हवाच मुठीत धरतो आणि ती हवा मोठ्या काळजीनं उचलून बाजूला ठेवतो. हिराबाई आधी गंभीरपणे बघत होत्या. हवा उचलल्यावर त्यांना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "किती दिस चाललंय ह्ये?"

"महिने झाले मावशी. हजारो ग्लास पाडलेत त्याने."

"आन् तुमी त्याला हाकलून न्हाई दिला?"

"नाही. त्याची प्रत्येक चूक आम्हाला लागते. ती नसती तर गाठी पिळायच्या कशावरून?"

हिराबाईंनी तो व्हिडिओ परत एकदा बघितला. मग उठल्या, माझ्या हातातून चावी घेतली आणि म्हणाल्या, "त्या मुडद्यापेक्षा तर मी बरी हाय."

त्या दिवशी परतताना सायलीने आणखी एक गंमत सांगितली. त्या हाताला ग्लास धरता यायला लागल्यावर तिने त्याला बाटली धरायला शिकवलं, तर तो ग्लास पार विसरला. नवीन पिळलं की जुनं उसवतं. मग जुने ग्लास आणि नव्या बाटल्या मिसळून मिसळून सराव द्यावा लागतो. हे ऐकून हिराबाईंचा चेहरा उतरला. "मंग मी गाडी शिकले तर बैलं इसरायची व्हय?" सायली म्हणाली, "नाही हो मावशी, माणसाचं तसं पुसून जात नाही." पण हिराबाईंच्या मनात ते राहिलं. नंतर मला कळलं की त्या रोज घरी गेल्यावर गोठ्यात जाऊन उगाचच बैलांना जुंपून अंगणात एक फेरी मारायच्या, खात्रीसाठी.

आषाढ लागला. कार्ल्याच्या शेतांत चिखलणी सुरू झाली होती, म्हणजे भात लावायच्या आधी खाचरात पाणी धरून बैलांनी चिखल करतात ते. आम्ही नेहमीच्या रस्त्यावर होतो. हिराबाई चालवत होत्या, छान चालवत होत्या. तेवढ्यात बांधावरून एक बेडकामागे धावणारी कोंबडी आडवी आली. "हो... हो... हो!" गाडीने उडी घेतली, मी ब्रेक दाबला, पण रस्त्याच्या कडेला ओली माती. चाकं घसरली आणि आम्ही तिघी क्लासच्या पाटीसकट खाचरात.

कुणाला खरचटलंही नव्हतं. कोंबडी बांधावर उभी राहून आमच्याकडे बघत होती. शेताचे मालक सोपानभाऊ बैल घेऊन गुडघाभर चिखलात उभे होते. त्यांनी गाडीवरचं "शिकाऊ चालक" वाचलं आणि म्हणाले, "शेत बी शिकून घ्या आता."

गाडी काढायची तर बैलांशिवाय इलाज नव्हता. दोर बांधला. सोपानभाऊ म्हणाले, "मागून धक्का माराया मी लागन, ह्या पोरीच्यानं हुनार न्हाई. पर बैलं कोन धरील?"

"आना हिकडं," हिराबाई म्हणाल्या आणि पदर खोचून पुढे झाल्या.

मी स्टिअरिंगवर. मागे सोपानभाऊ आणि सायली, दोघं चिखलाने माखलेले. समोर काचेतून मला हिराबाई दिसत होत्या, बैलांच्या मागे, हातात कासरा. जी बाई माझ्या गाडीत कुत्रं दिसलं तरी बिथरायची ती हीच का, असं मला वाटलं. जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला आणि अनोळखी बैल तिचे असल्यासारखे निघाले. गाडी कुरकुरत चढावर आली. आता ती रस्त्यावर येताक्षणी बैल थांबायला हवे होते, नाहीतर आम्ही पलीकडच्या खाचरात.

"हो... हो... हो!" हिराबाई मागे रेलल्या आणि बैल जागच्या जागी थांबले.

माझी नजर सवयीने पायांकडे गेली होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे पायच बघत आले. आणि तिथं मला दिसलं. आधी तोंडातून हाक निघाली, मग कंबर मागे गेली आणि मग दोन्ही टाचा एकदम चिखलात रुतल्या. कासरा नुसता हातांनी ओढत नाहीत, पाय रोवून ओढतात! बाई गाडीतही तेच करत होती. डावा पाय जमिनीवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, आणि दोन्ही पाय जिवाच्या आकांताने रोवायचे. गाडी उडी मारणार नाही तर काय करेल? तो आकाशात उडणारा भाऊ माझ्या खांद्यावर का कलायचा तेही मला तिथंच, चिखलात, कळलं.

मी खिडकीतून ओरडले, "सायली! पाय! तिचे पाय!"

सायली धावत आली, तोंडावरचा चिखल पुसत तिने ऐकलं आणि टाळीच दिली. म्हणाली, "ताई, माझा तो लोखंडी हात रिकाम्या डोक्याने येतो, म्हणून त्याला हजारो ग्लास पाडावे लागतात. मावशी रिकाम्या नाहीत. त्यांच्या अंगात थांबवायचं शिकलेलं तयार आहे. आपण ते पुसायला बघत होतो. कशाला पुसायचं? पायांखाली काय येतं तेवढं बदलूया."

मी म्हटलं, "हाक आधी निघते. हाक निघाली की पायांनी घरी यायचं. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर. मग खुशाल रोव म्हणावं."

हिराबाई कासरा सोपानभाऊंच्या हातात देत म्हणाल्या, "म्हंजी मी हो म्हनायचं का न्हाई म्हनायचं?"

"म्हणायचं! जोरात म्हणायचं!"

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. महिनाभर ज्या हाकेवरून मी त्यांना ओरडत होते, तीच आता परत मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या ऑफिसात मी एक खुर्ची ठेवली आणि तिच्यापुढे विटा. दोन विटा म्हणजे क्लच आणि ब्रेक, बाजूला एक लाकडाचा ठोकळा म्हणजे ॲक्सिलरेटर. "हो" म्हटलं की दोन्ही पाय उचलून विटांवर, आणि मग रेलायचं. रस्त्यावरून जाणारे लोक डोकावून बघायचे की ही बाई खुर्चीत बसून कुणाला हाका मारतेय. घरी जाऊन त्यांनी चुलीपुढे तशाच विटा मांडल्या. झोपून उठलं की आदल्या दिवशीचं जास्त चांगलं येतं, हे माझ्या सगळ्या बायकांच्या बाबतीत मी पाहिलंय. सायली म्हणाली, झोपेत मेंदू दिवसभराचं पुन्हा चाळतो म्हणतात. तिच्या लोखंडी हातालाही तिने जुने अनुभव असेच पुन्हा पुन्हा चाळायला लावले होते. तिच्या सांगण्यावरून मी सरावाची जागाही रोज बदलायला लागले, कधी चढ, कधी उतार, कधी गाडीत गाणी लावून. एकाच रस्त्यावर शिकलं की यंत्रही त्या रस्त्याचंच होऊन बसतं म्हणे. हे मी आधीही करत होते, पण आता ते शास्त्रात बसतं म्हणून जरा ऐटीत करायला लागले.

परीक्षेच्या दिवशी हिराबाई नवीन लुगडं नेसून आल्या. परीक्षक साहेब शेजारी बसले, मी मैदानाच्या कडेला उभी. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा काढायची, हा सगळ्यात अवघड भाग. साहेबांनी हात वर केला. "हो... हो!" आख्ख्या मैदानाने ऐकलं. गाडी रेषेवर थांबली आणि साहेबांच्या हातातलं पेन खाली पडलं.

"हे कुणाला म्हणालात?" साहेबांनी विचारलं.

"गाडीला सांगितलं सायेब."

साहेबांनी पेन उचललं, गाडी रेषेवर आहे हे खिडकीतून वाकून बघितलं आणि म्हणाले, "ऐकते की तुमचं." पास!

आता जरा मनातलं सांगते. लायसन्स मिळालं की माझ्या टेबलावर पेढे यायचे. मी ते खायचे आणि आत कुठेतरी वाईटही वाटायचं. वर्षभराने त्याच बाया बाजारात भेटायच्या. चालवतेस ना गं, म्हणून विचारलं की नजर चुकवायच्या. "हे म्हणतात, मी सोडतो की तुला, कशाला त्रास?" लायसन्स कपाटात, साड्यांच्या खाली. पायात आलेली कला वापरली नाही तर ती मरत नाही, पण गंजते. किती बायकांच्या पायांत मी गाडी घातली आणि त्यातले किती पाय आज उंबऱ्याच्या आत आहेत, हा विचार मी फार वेळ करत नाही.

हिराबाईंनी पेढे आणलेच नाहीत. त्यांचा फोन आला, "ताई, उद्या सकाळी या. दूध घिऊन निगायचंय."

गणपती दोन दिवसांवर आले होते. मी भल्या पहाटे वाडीवर पोचले. बायकांनी पिकअप धुऊन काढली होती, पुढे झेंडूचा हार. किटल्या चढल्या. दीरही आला होता. एका किटलीला हात लावून, कुणाकडे न बघता म्हणाला, "वैनी, दोर नीट बांधलाय मी." बायका गाडीमागे धावत किती लांबपर्यंत आल्या! मी डावीकडच्या सीटवर बसले होते. बसल्या बसल्या पाय पुढे गेला आणि तिथं काहीच नव्हतं. पत्रा. ही क्लासची गाडी नव्हती.

टाकव्याकडे उतरणारा रस्ता, दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, मागे दुधाच्या किटल्यांचा खणखणाट. हिराबाई वाडीतल्या गमती सांगत होत्या. सायलीने तिच्या हाताचा नवा व्हिडिओ पाठवला होता, त्यात तो ग्लासही धरतो आणि बाटलीही. हिराबाईंनी तो वाडीभर दाखवला होता. "म्या सांगितलं समद्यांस्नी, ह्यो आमचा जोडीदार, आमी संगट शिकलो." मी हसत होते. आणि उताराच्या वळणावर, झाडीतून, शेपटी वर करून एक कालवड सरळ रस्त्यावर उडी मारून आली.

"हो... हो... हो!"

हिराबाई मागे रेलल्या. पिकअप थांबली. कालवडीपासून हातभर अंतरावर. किटल्या एकदा जोरात वाजून गप्प झाल्या, एक थेंब सांडला नाही. कालवडीने आमच्याकडे बघितलं, तीही थांबली होती. ती हाक तिच्याही ओळखीची होती.

"जा गं बाय, जा घरी," हिराबाई खिडकीतून म्हणाल्या. ती गेली. मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, चेहऱ्याकडे नाही, खाली पायाकडे.

"ताई, तुमी दाबला न्हाई?"

मी खाली बघितलं. माझा उजवा पाय डाव्यावर टाकलेला होता, आरामात, चप्पल अर्धी निघालेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "चला, दूध नासेल."

हिराबाईंनी पहिला गियर टाकला.